न आपटलेला डाव

आत्याने डाव पातेल्याच्या काठावर आपटला, टण्ण, आणि आज पहिल्यांदाच रांगेत आलेल्या गोदामाच्या साहेबांच्या ताटात सपाट डावभर भात पडला. एकच.

रांग थबकली. मी पाण्याचा जग उचलला होता तो तसाच हातात राहिला.

गोदामाच्या कॅन्टीनमध्ये आत्या एकोणीस वर्षं वाढते आहे. तिची पद्धत ठरलेली. बसून काम करणाऱ्याला डाव आपटून, सपाट. पोती उचलणाऱ्याला न आपटता, शिगोशीग. वजनकाटा नाही की वही नाही, नुसती नजर. आणि मी सुट्टीत मदतीला येऊन काय शहाणपणा केला, तर भिंतीवर माझ्या हाताने तक्ता लावला. प्रौढांची रोजची गरज: पुरुष अडीच हजार कॅलरी, स्त्री दोन हजार. भोवती निळ्या वेलीची नक्षी. साहेब जाम खूश. त्यांनी लगेच फर्मान काढलं, हमाल बायांना आजपासून सपाट डाव. आत्याला जमत नसेल तर तिने खुशाल घरी बसावं.

"अहो, पुरुषाला अडीच हजार लिहिलंय," साहेब तक्त्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"त्यात पोती धरलीत का, साहेब?" आत्याचा आवाज नेहमीसारखाच. "तुम्ही पेन उचलता. तुमच्या मागे उभी आहे ती पन्नास किलो उचलते."

मागची हमालबाई आपल्या रिकाम्या ताटात बघत राहिली.

मी जग खाली ठेवला. ज्या पुस्तकातून मी तक्ता उतरवला, त्यात त्या आकड्यांखाली आणखी एक ओळ होती. वेलीला जागा पुरेना म्हणून मीच ती गाळली होती. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण इथे आत्याची नोकरी चालली होती.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणाले. "हे आकडे सरसकट सगळ्यांचे नाहीत. जितके कष्ट जास्त तितकी गरज जास्त, असं खाली होतं. मी ते लिहिलंच नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग लिही की," एवढंच म्हणाले, आणि तो एक डाव भात घेऊन टेबलाकडे गेले. मुकाट्याने संपवलाही.

मी वेलीवर कागदाची पट्टी चिकटवून ओळ लिहिली. आत्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिला कुठे गरज होती? हमाल बायांची अख्खी रांग जेवायला बसली, पातेलं एकदाही वाजलं नाही.

सगळ्यांत शेवटी मी ताट पुढे केलं. आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि डाव भरला.

टण्ण.