राजकुमारीच्या लग्नाची फिल्म

"अजून धुरकटच दिसून राह्यलं," प्रेमबाई म्हणाल्या.

धर्मराजनं यंत्राचा दांडा फिरवायचा थांबवला आणि दिवा विझवला. तो जालन्याच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. लढाईमुळं नवे खेळ येत नव्हते, दुपारी टॉकीज बंदच असे. म्हणून प्रेमबाईंच्या यजमानांनी, रामेश्वरशेठनी, त्याला सदर बाजारातल्या आपल्या घरी बोलावलं होतं. हैदराबादच्या व्याह्यांनी हे हातानं फिरवायचं लहानसं यंत्र आणि एक रीळ पाठवलं होतं. शेठ-प्रेमबाईंच्या मुलीच्या, राजकुमारीच्या लग्नात नवरदेवाच्या काकांनी हौसेनं घेतलेली फिल्म. पहिल्या बाळंतपणात राजकुमारी सासरीच वारली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. या घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"उजेड लई येऊन राह्यला, बाई," धर्मराज म्हणाला. "जाड रजया द्या, खिडक्या झाकू."

रजया शेठ स्वतःच घेऊन आले. धर्मराजनं दाराच्या फटीसुद्धा कापडानं बुजवल्या. पडद्यासाठी बांधलेली चादर सुरकुतली होती. ती काढून टाकली आणि नुकताच चुना दिलेली मागची भिंत निवडली. चित्र तिरकं पडत होतं, म्हणून यंत्राखाली पाट सरकवला. भिंग जुन्या मऊ धोतरानं पुसलं. मोटारीच्या बॅटरीवरचा दिवा मिणमिणता होता. त्यानं यंत्र भिंतीजवळ आणलं, तसं चित्र लहान झालं पण उजळलं.

"आता बघा."

मांडव दिसला. पाटावर राजकुमारी बसली होती. ओढणीच्या काठाची जरसुद्धा उठून दिसत होती. वाऱ्यानं घुंघट जरासा वर सरकला. हनुवटी दिसली, हसू दाबलेले ओठ दिसले. तेवढ्यात बाजूनं बांगड्या भरलेला एक हात आला आणि त्यानं घुंघट खाली ओढला.

रीळ संपलं.

"मघाशी वळखू आला न्हाई," प्रेमबाई हळूच म्हणाल्या. "हात माझाच हाय. सासरची माणसं समोर बसल्ती."

रामेश्वरशेठ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, धर्मराज. बंद करा."

"न्हाई," प्रेमबाई म्हणाल्या. "फिरून लावा. तेवढी हनुवटी तरी हाय."

टॉकीजमध्ये धर्मराज पडद्यावरच्या माणसांकडे कधी बघत नसे. कडा रेखीव आहेत ना, उजेड सारखा आहे ना, एवढंच बघायचा. त्यानं रीळ उलटं गुंडाळून पुन्हा चढवलं.

मांडव सरला, पाट आला. ओढणी हलू लागली तसा त्यानं दांडा हळू केला, आणखी हळू केला. एवढ्या सावकाश चालवलं तर चित्राची सफाई जाते, हे त्याला ठाऊक होतं. प्रेमबाई पुढं सरकून बसल्या. चुन्याच्या भिंतीवर ती हनुवटी थरथरत, अंधूक होत, बराच वेळ तशीच राहिली.