मी ग्रोप्पे बोलतोय

मी ग्रोप्पे बोलतोय. हॅनोव्हरच्या दक्षिणेला, हार्त्सच्या डोंगरातल्या एका ओढ्यात, दगडाखाली माझा मुक्काम. ग्रोप्पे म्हणजे थोराड डोक्याचा, बोटाएवढा मासा. दक्षिण जर्मनीत मला कोप्पे म्हणतात आणि पाणचक्कीच्या ओढ्यात राहिलो तर म्युलकोप्पे. मासा तोच.

पोहण्यात मी यथातथाच. माझ्या पोटात हवेची पिशवी नाही, त्यामुळे तळाशीच सरपटतो. वसंतात मादी दगडाच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते आणि निघून जाते, पुन्हा चौकशीलाही येत नाही. पुढचं सगळं माझ्या गळ्यात. पंखांनी अंड्यांवर पाणी खेळतं ठेवायचं, येईल त्याच्या अंगावर धावून जायचं. फारच भूक लागली तर त्यातली दोन-चार मीच खातो, पण घरातल्या गोष्टी घरातच राहिलेल्या बऱ्या.

यंदा एका रविवारी माझं छप्पर उडालं. मुलाकडे राहायला आलेले गुहागरचे चंद्रशेखर पँट दुमडून ओढ्यात उतरले, दगड उलटला आणि मला मुठीत धरलं. कोकणातल्या माणसाला नुसतं पाणी बघत बसणं जमत नाही.

"सुकन्या, खरबी मिळाली गो. आणखी चार मिळाल्या की तिखलं करू," त्यांनी सुनेला हाक दिली. ती लांब गाडीपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही. खरबी म्हणजे त्यांच्याकडच्या खाडीतला माझ्यासारखाच मासा, आणि तिखलं म्हणजे त्याचं झणझणीत कालवण.

काठावर सहा वर्षांची नात ऊर्जा होती. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. "नाइन, आबा. दास इस्ट आइने ग्रोप्पे." खरबी नाही, ग्रोप्पे आहे, असं ती सांगत होती.

"ग्रोप्पे म्हणजे काय?"

तिला मराठी शब्द सापडेना. इकडे उलट्या दगडावर माझी अंडी उन्हात वाळत होती. कुणाला मराठी यावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच कासावीस झालो.

"आबा," ती अडखळत म्हणाली, "तो बाबा आहे. ती अंडी त्याची. आई नाही. तो एकटा बघतो."

चंद्रशेखरांनी वाकून उलट्या दगडावरची अंडी पाहिली. "तुझ्या बाबालाही मीच एकट्याने वाढवला," ते म्हणाले. मग त्यांनी मला पाण्यात सोडलं आणि दोन्ही हातांनी दगड होता तसा बसवला.

त्यानंतर ते दर रविवारी येत आणि दगडाला विचारत, "काय बाबा, बरं ना?" अंडी फुटली, पिल्लं प्रवाहाबरोबर निघून गेली. आमच्यात निरोप घ्यायची पद्धत नाही.

काल चंद्रशेखर शेवटचे आले. उद्या त्यांचं विमान. "बाबा, येतो रे," म्हणाले. तुम्ही कधी ओढ्यात उतरलात तर दगड जपून हलवा, एवढंच मागणं. मला बाबा म्हणणारं या पाण्यावर तेवढं एकच माणूस होतं.