माझ्या नाकावरचं पातळाचं फडकं

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. हे मी आपणहून सांगून टाकते, कारण दुसरं कोणी सांगताना 'जुनी'वर उगाच जोर देतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याच दिवशी तिथे माझ्यासारख्या हजारभर जन्मल्या, त्यामुळे कौतुक असं काही झालं नाही. कौतुक झालं ते पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर. अंगदने मला दारात उभं केलं तेव्हा त्याच्या आईने, झुंबरबाईंनी, मला ओवाळलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. पुढे अंगदची बायको सुरेखा सासरी आली ती माझ्यावरूनच. दोन वर्षांत ती मला चालवायला शिकली, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या डेअरीवर नेणं हे आम्हा दोघींचं काम झालं.

सुरेखाचा एक नेम होता. गाळल्याशिवाय काही आत जाऊ द्यायचं नाही. दूध गाळायचं, पाणी गाळायचं, चहा तर दोनदा गाळायचा. डेअरीच्या रस्त्याचं काम निघालं आणि फुफाटा उडू लागला, तेव्हा तिने माझ्या हवा घ्यायच्या तोंडावरही जुन्या पातळाचं दुहेरी फडकं बांधलं. हिरवं, काठाचं. आत कारखान्याने दिलेली जाळी होतीच, पण मला वाटलं, शाल मिळाली. मी ती मिरवली. झाकणाआड असल्यामुळे ती कोणालाच दिसत नव्हती, तरी मिरवली.

मग ती आली. नवी.

"इंजेक्शनची गाडी हाय," अंगद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. गुरांच्या डॉक्टरमुळे इंजेक्शन मला ठाऊक होतं. मला वाटलं, आजारी असेल. फार बरं वाटलं. पण ती ठणठणीत निघाली. तिला कार्बोरेटर नाही, चोक नाही, बटण दाबलं की सुरू. मला थंडीत आठ किका लागत आणि दर किकेला अंगद मला एक नवं नाव ठेवी. ओसरीतली जागा तिला मिळाली. मी गोठ्यात गेले. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. दसऱ्याला तिला झेंडूचा जाडजूड हार, आणि मला उरलेली पाच फुलं. त्यातलं एक म्हशीने खाल्लं.

सुरेखाचा भाऊ हनुमंत फौजेत आहे, लेहला. सलग तीन वर्षं त्याला राखीपौर्णिमेची सुट्टी मिळाली नव्हती. यंदाही नाही म्हटल्यावर सुरेखा म्हणाली, "मग मीच जाते."

"राखी पोस्टानं जाती की," झुंबरबाई म्हणाल्या.

"राखी जाती, आत्याबाई. बहीन जात न्हाई."

"बस मग माझ्या मागं, नव्या गाडीवर," अंगद म्हणाला.

"मी कशाला मागं बसू? माझी गाडी हाय की."

मित्रांनो, त्या 'माझी'वर मी आजही चालू शकते, पेट्रोल नसलं तरी.

अंगदने मात्र अट घातली. "वाटंत बसली तर तिथंच सोडायची. पहिला भंगारवाला दिसंल त्याला देऊन टाकू. मी ढकलीत आननार न्हाई."

नगरहून दिल्लीपर्यंत आम्ही रेल्वेच्या मालडब्यातून गेलो. दोघींना गोणपाटात गुंडाळलं होतं, त्यामुळे नवी कोण आणि जुनी कोण हे दीड दिवस कोणालाच कळत नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ.

मनाली सोडल्यावर डोंगर सुरू झाले. आमच्याकडे डोंगर म्हटला की त्याच्यावर एक देऊळ असतं आणि तिथे तो संपतो. हे डोंगर संपायला तयारच नव्हते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही तांगलांग ला नावाच्या खिंडीच्या चढाला लागलो. तिच्यापलीकडे लेह.

इथे माझी अडचण समजून घ्या. माझा कार्बोरेटर हवेत पेट्रोल कालवतो, परातीत पिठात पाणी कालवावं तसा. वर हवा विरळ होते, पण पेट्रोल तेवढंच येत राहतं. पीठ मूठभर आणि पाणी तांब्याभर. त्याची भाकरी कशी होणार? नुसता धूर होतो. नवीच्या पोटात एक हुशार डबी आहे. ती हवा मोजते आणि तेवढंच पेट्रोल सोडते. मी घरघरत होते, काळा धूर ओकत होते, आणि ही पुढे अशी चालली होती जणू पाथर्डीच्या स्टँडवर भाजी आणायला निघाली आहे. मी मनोमन म्हटलं, बंद पड. निदान खोक तरी. ती खोकलीसुद्धा नाही.

खिंड दिसू लागली आणि मी बसले.

सुरेखाने किका मारल्या. प्लग काढला, काजळीने काळा झाला होता. पुसून परत लावला. मी दोनदा धूर सोडला आणि गप्प झाले. अंगद मागे वळून आला.

"बोललो हुतो का न्हाई? ठिव हितंच. एखाद्या ट्रकवाल्याला सांगू, खाली भंगारात घालंल."

"जरा थांबा."

"उद्या राखी हाय. थांबून काय मुहूर्त काढायचा?"

"मी हिला सोडून यायची न्हाई."

अंगदने डोकं खाजवलं. "मग दोरी लावू का? ही वढंल तिला."

नवीच्या मागे, दोरीने, वासरासारखी. मित्रांनो, मी भंगाराची वाट आनंदाने पाहू लागले.

सुरेखा खाली दगडावर बसली. तिलाही धाप लागली होती. धुळीसाठी तिने नाकातोंडाला स्कार्फ गच्च बांधला होता. तो तिने सोडला, दोन-तीन मोठे श्वास घेतले, आणि हातातल्या स्कार्फकडे बघत राहिली.

"अवो," ती म्हणाली, "हिच्याबी नाकाला बांधलंय की."

"कुनाच्या?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. बाजूचं झाकण उघडून तिने माझी शाल ओढून काढली. हिरवं फडकं डांबरासारखं काळं झालं होतं.

अंगद त्याच्याकडे पाहत राहिला. "तू गाडीला गाळणं लावलं हुतं?"

"धुरळा लई हुता."

"आता हवा तरी गाळून नको दिऊ. हितं हाय किती!"

ज्या गोष्टीचा मी इतका तोरा मिरवला, तिच्यामुळेच माझा जीव गुदमरत होता. सुरेखाने प्लग पुन्हा घासला, दहा किका मारल्या आणि मी सुरू झाले. धूर होताच, ताकद अर्धीच होती. पहिल्या गियरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने आम्ही चढलो. शेवटच्या वळणावर सुरेखा उतरून शेजारी चालली. पण दोरी लागली नाही.

वर पोचल्यावर अंगदने माझ्या सीटवर थाप मारली. "म्हातारीनं नाक राखलं. ऱ्हाऊ दे घरी." मग तो फोटो काढायला गेला, नवीला घेऊन.

दुसऱ्या दिवशी लेहला हनुमंतला राखी बांधली. बांधून होताच तो म्हणाला, "दाजी, नवी गाडी लई भारी." हाच मुलगा कधीकाळी माझ्या टाकीवर बसून हॉर्न वाजवायचा. पण पिशवीत एक राखी उरली होती. सुरेखाने ती माझ्या हँडलला बांधली. मी लगेच नवीकडे पाहिलं. तिला काही नव्हतं. त्या दिवशी विरळ हवा मला अजिबात जाणवली नाही.

आता मी परत वस्तीवर आहे. जागा ओसरीत, नवीच्या शेजारी. परवा सुरेखाने ते हिरवं फडकं धुतलं, वाळवलं, आणि त्याने नवीचे आरसे पुसले. मित्रांनो, त्या फडक्याने माझा जीव घेतला असता. तरी मी जळाले.

म्हणून एवढंच सांगणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, पण माया करताना त्यांचं नाक मोकळं ठेवा. नव्यांनाही जपा, माझी काही हरकत नाही. फक्त ते माझ्यासमोर करू नका.