झोपलेली बस

आमचं सैन्य त्या दूरच्या देशातून माघारी निघालं, तेव्हा सगळ्यात मोठी लढाई माझ्या बसमध्ये झाली. सकाळच्या पहिल्या फेरीपासून जो तो सेनापती. "जायलाच नको होतं" म्हणणारे खिडकीकडे, "परत यायलाच नको होतं" म्हणणारे दाराकडे, आणि मधे उभे असलेले दोन्हींकडे मान डोलावणार. विम्याचं काम करणारे एक गृहस्थ रोज पेपर मोठ्याने वाचतात, म्हणून आम्ही त्यांना संपादक म्हणतो. ते म्हणाले, "बघा आता, तिकडचे लोंढे इकडे येणार. इथे आपल्याच पोरांना नोकऱ्या नाहीत." त्यावर ब्युटी पार्लरवाल्या बाई उखडल्या. त्यांनी टीव्हीवर तिकडचं बंदर पाहिलं होतं. आपली शेवटची बोट सुटत होती आणि माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पोरं वर धरत होती.

"काळीज आहे की दगड हो तुमचं?"

"काळीज सगळ्यांनाच असतं बाई. जागा कुठे आहे?"

मी आरशातून बघत होतो आणि गप्प होतो. बस चालवणाऱ्याला मत नसावं, असं माझं मत आहे.

गप्प बसण्याचं खरं कारण वेगळं होतं. माझा पुतण्या त्याच देशात मारला गेला. थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. भाऊ आधीच गेलेला, वहिनींनी पोराला एकटीने वाढवलं. सैन्य परत आल्याची बातमी लागली तेव्हा त्या माझ्यासमोर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी टीव्ही बंद केला. "मग तो गेलाच कशाला होता?" एवढंच विचारलं, आणि ते मला विचारलं, जसा काही मीच त्याला पाठवला होता. मी पाणी प्यायला म्हणून उठलो.

आमच्या वस्तीचा हॉल वहिनींच्या ताब्यात असतो. झाडलोट, किल्ली, कोणाला कधी द्यायचा, सगळं त्या बघतात. पुतण्याचा फोटो वस्तीने तिथेच लावलाय. आणि पालिकेने नेमका तोच हॉल तिकडून येणाऱ्या कुटुंबांसाठी मागितला. आपल्या सैन्यासाठी तिकडे ज्यांनी स्वयंपाक केला, गाड्या चालवल्या, दुभाषे म्हणून राबले, ती ही माणसं. मागे राहिली असती तर जिवंत राहिली नसती. वहिनींनी हॉलला कुलूप घातलं आणि पायरीवर ठाण मांडलं. "माझा तिकडे गेला तो आला नाही. मी त्यांना दार उघडणार नाही."

गेलेल्या जवानाच्या आईच्या हातून किल्ली हिसकावून घ्यायची कोणाची छाती? डेपोच्या साहेबांनी मला बोलावलं. "दीर ना तुम्ही त्यांचे? मग आपल्या बंदरावरून माणसं तुम्हीच आणा आणि त्यांना समजवा. नाहीच उघडलं तर संध्याकाळी सगळ्यांना परत नेऊन तिथल्या पत्र्याच्या गोदामात सोडा." वहिनींनी आजवर माझं एक अक्षर ऐकलेलं नाही, हे साहेबांना कोण सांगणार?

दुपारी बंदरावर गेलो. मला वाटलं होतं, रडारड असेल, ढकलाढकली असेल. तसलं काहीच नाही. माणसं रांगेने चढली, मिळेल त्या सीटवर ताठ बसली आणि समोर बघत राहिली. मी बस काढली. पुलाच्या अलीकडे आरशात पाहिलं तर एकही डोळा उघडा नव्हता.

बसमध्ये लोक डुलक्या घेतात ते मी जन्मभर पाहतोय. स्टॉप आला की बरोबर जागे होतात. ही झोप तसली नव्हती. धडधाकट पुरुष तोंड उघडं टाकून पडले होते. एका म्हातारीचं डोकं शेजारच्या परक्या माणसाच्या खांद्यावर होतं आणि त्याचं डोकं तिच्या डोक्यावर. सगळे गाढ, पण हात मात्र सगळ्यांचे आवळलेले. कोणाच्या मनगटाला पिशवीचा पट्टा गुंडाळलेला, कोणाच्या मुठीत पोराचा सदरा. माणूस इतका दमू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. खड्डा दिसला की मी श्वास रोखत होतो.

आणि तिथेच माझ्या हातून घोळ झाला. पुलानंतर माझा रोजचा मार्ग लागतो. स्टॉप आला की थांबायचं, हे माझे पाय डोक्याला विचारून करत नाहीत. समोरची पाटी बदलायचीही राहून गेली होती. बस थांबली, दार उघडलं, आणि पार्लरवाल्या बाई दोन पिशव्या सावरत वर आल्या. "आज बरी वेळेवर..." म्हणाल्या आणि पुढचं तोंडातच राहिलं. मी हाताने उतरा उतरा करत होतो. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी पिशव्या अलगद खाली ठेवल्या आणि दांडा धरून उभ्या राहिल्या.

पुढच्या स्टॉपला थांबायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि पुढच्या स्टॉपलाही थांबलो. संपादक चढले. काखेत पेपर, तोंडात वाक्य तयार. ते वाक्य त्यांनी गिळलेलं मी पाहिलं. कडेच्या सीटवरचं एक पोर झोपेत कलंडत होतं. संपादकांनी पेपर टाकला आणि पोराच्या डोक्याखाली तळहात धरला. मग तसेच वाकून उभे राहिले. त्यांचा स्टॉप आला. त्यांनी बेल वाजवली नाही. त्यानंतर जे जे चढले, त्यांच्यापैकी कोणीच वाजवली नाही.

हॉलपुढे ही गर्दी! एका बाजूला "परत जा"चे फलक, दुसऱ्या बाजूला स्वागताचा लाउडस्पीकर. बस दिसताच दोन्हीकडून आरोळी उठली. पार्लरवाल्या बाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओठांवर बोट ठेवलं. पुढची माणसं काचेशी आली, आत पाहिलं आणि गप्प झाली. मागच्यांना त्यांनीच गप्प केलं. स्पीकर कोणीतरी बंद केला. फलक कधी खाली आले कोण जाणे.

वहिनी पायरीवरून उठल्या. लोकांनी वाट दिली. त्या तरातरा वर चढल्या. "भाऊजी, आल्या पावली गाडी फिर..."

आणि थांबल्या.

मग एकेक सीट बघत शेवटपर्यंत गेल्या. मागे एक तरुण पोरगा बसल्या बसल्या झोपला होता. हनुवटी छातीवर, पिशवीचा पट्टा मनगटाला. वहिनी त्याच्यापाशी उभ्या राहिल्या, त्या हलेचनात. आता या ओरडल्या तर काय करायचं, ते मला सुचेना. मग त्या परत माझ्याजवळ आल्या. आवाज अगदी खाली.

"शेवटच्या सुट्टीला आला ना तो, तेव्हा असाच झोपला होता. पट्टा मनगटाला गुंडाळून. मी जेवायला उठवलं. केवढ्याने दचकला, भाऊजी. मी आई आहे हे कळायला त्याला वेळ लागला. मग त्या सुट्टीत तो धड झोपलाच नाही."

माझा हात आपोआप इंजिन बंद करायला गेला. वहिनींनी मनगट धरलं.

"बंद करू नका. घरघर थांबली की जागे होतील. अशीच फिरवत राहा."

त्या उतरल्या. कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, दोन्ही दारं सताड उघडी टाकली. मग वळून फलकवाल्यांनाच दबक्या आवाजात झापलं, "बघताय काय? माळ्यावरून गाद्या काढा. आपटू नका."

मी खिडकीतून मान बाहेर काढली. "वहिनी, किती वेळ फिरवू?"

"त्यांची झोप होईपर्यंत."