खंडेनवमीचा विसावा

मित्रांनो, मला कोणी जुना म्हटले की पूर्वी फार राग यायचा. आता येत नाही, कारण ते खरेच आहे. मी एक जुना संगणक आहे. पनवेलच्या मासळी बाजारासमोर झेरॉक्सचे एक दुकान आहे. त्याच्या पोटमाळ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या मागे माझा मुक्काम असतो. खाली नवे संगणक आहेत, चपटे आणि गुळगुळीत. दिवसभर आधार कार्डाच्या प्रती काढतात आणि तोरा असा, की जणू जग तेच चालवतात. माझे त्यांच्याशी फारसे पटत नाही.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. दुकानाचा मालक प्रभाकर याने मुंबईहून सुटे भाग आणले आणि इथेच, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, मला जोडले. तेव्हा हे दुकान सायबर कॅफे होते. प्लायवूडच्या फळ्यांनी केलेले छोटे छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक संगणक. लोक निकाल बघायला येत, आखातात गेलेल्या मुलाला मेल पाठवायला येत. माझ्याएवढी ताकद दुसऱ्या कुणात नव्हती, हे मी जरा अभिमानानेच सांगतो. म्हणून मुलांची माझ्यावर झुंबड उडायची.

मुले यायची ती 'स्टोनफोर्ड' नावाचा खेळ खेळायला. त्यात दगडी पुलाचे एक शहर होते, भोवती रान आणि रानात राक्षस. खेळणाऱ्याने एक सोंग घ्यायचे, कोणी योद्धा, कोणी तिरंदाज, कोणी वैद्य, आणि इंटरनेटवरून दूरदूरच्या माणसांबरोबर त्या रानात हिंडायचे. आजच्या मानाने तो खेळ अगदीच संथ होता. नकाशा नव्हता, वाट विचारत जावे लागे. लढाई झाली की अंगातले बळ संपायचे, आणि ते भरून येईपर्यंत शेकोटीपाशी नुसते बसून राहावे लागे. बसल्या बसल्या माणसे काय करणार? टाइप करून गप्पा मारत. मला वाटते, अर्धा खेळ त्या शेकोटीवरच व्हायचा.

कोमल माझ्याकडे पहिल्यांदा आली ती आईची वाट बघायला. तिची आई गंगाबाई करंजाची कोळीण. पहाटे करंजा बंदरातून मासळी घ्यायची आणि आमच्या समोरच्या बाजारात विकायची. कोमल पनवेलच्या कॉलेजात शिकत होती. कॉलेज सुटले की आईची टोपली रिकामी होईपर्यंत तिला थांबावे लागे. बाजारात बसले की गिऱ्हाईक तिच्याशी बोलायचे, आणि तेच तिला नको असे. कारण बोलताना तिचे शब्द अडकत. एखादा शब्द ओठांशी येऊन थांबला की काही केल्या पुढे सरकत नसे. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणणेही तिला जमत नसे. ती नुसता हात वर करायची, आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. हळूहळू तिने बोलणेच सोडून दिले होते.

रोज येणारा भावेश नावाचा एक मुलगा होता, बोलघेवडा पण मनाने चांगला. त्याने तिला खेळ दाखवला. तिने वैद्याचे सोंग घेतले आणि नाव ठेवले 'सुरमई'. पहिल्याच आठवड्यात शेकोटीवर कोणीतरी तिला विचारले की तू कुठली. तिने कीबोर्डवर बोटे ठेवली, आणि मित्रांनो, काय सांगू, ती थांबेचना. बोंबील बांबूवर कसे वाळत घालतात, लिलावाच्या वेळी बंदरावर कसा कालवा होतो, भरतीचे पाणी कुठवर येते, सारे तिने लिहिले. नागपूरच्या एका योद्ध्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. तो रोज विचारायचा, आज समुद्र कसा होता. सुरमई आली की सगळे तिला शेकोटीवर जागा करून देत. टाइप करताना तिचा एकही शब्द अडकत नसे, आणि अडकला असता तरी तिथे कुणाला तो दिसला नसता.

माझे ते सर्वांत सुखाचे दिवस होते. पण खेळ बनवणाऱ्या कंपनीला तो जुना वाटू लागला.

नवी आवृत्ती आली तेव्हा कॅफेत पेढे वाटले गेले. मुले आनंदाने वेडी झाली. आता उडते घोडे होते, रंग झगझगीत होते, गेलेले बळ एका क्षणात परत येत होते. शेकोट्या काढून टाकल्या होत्या, कारण बसायची गरजच उरली नव्हती. टाइप करायचीही गरज नव्हती. हेडफोन लावायचा आणि माईकवर बोलायचे. सगळे जण त्या सोयीचे कौतुक करत होते.

भावेशने मोठ्या हौसेने कोमलच्या कानावर हेडफोन चढवला. त्यांची टोळी एका गुहेत शिरली. वैद्याने मागे राहून धोका दिसताच 'पळा' असे ओरडायचे ठरले होते. धोका दिसला. कोमलचे ओठ हलले, मान ताठ झाली, पण 'प... प...' च्या पुढे शब्द सुटला नाही. सारी टोळी मारली गेली. मग हेडफोनमध्ये कुठल्या तरी अनोळखी माणसाने तिची नक्कल केली आणि बाकीचे हसले. भावेश हसला नाही, पण काही बोललाही नाही. कोमलने हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. त्यानंतर ती बाजारात आईच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

काही आठवड्यांनी गंगाबाई स्वतः कॅफेत आली. हातांना मासळीचा वास, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. प्रभाकरने आत बोलावले तरी आली नाही. आपली मुलगी घरात हसायला लागली होती, आता पुन्हा मुकी झाली आहे, असे तिने सांगितले. "तो आदीचा खेल परत लावता येल काय, दादा?" एवढेच तिने विचारले. प्रभाकरला खेळातले ओ की ठो कळत नव्हते. पण उंबऱ्यावरच्या त्या बाईला नाही म्हणणे त्याच्या जिवावर आले.

कंपनीने जुना खेळ बंद केला होता. पण कुठल्या कुठल्या जुन्या खेळाडूंनी त्याच्या फायली आपापसात जपल्या होत्या. भावेशने खटपट करून त्या मिळवल्या, बहुधा त्या दिवशी गप्प राहिल्याची टोचणी असावी. मग त्याने आणि प्रभाकरने मिळून तो अख्खा खेळ माझ्यात बसवला. ते शहर, तो दगडी पूल, ते रान आता माझ्या पोटात होते. जुन्या शेकोट्या पुन्हा पेटल्या. मी कोपऱ्यात बसून ते सारे चालवायचो, आणि माणसे दुसऱ्या संगणकांवरून माझ्यात यायची.

कोमल परत आली. हळूहळू बाकीचेही आले. नागपूरचा योद्धा आला. भावेश पुढे मस्कतला नोकरीला गेला, तोही तिथून यायचा. ज्या मुलांनी नव्या आवृत्तीचे पेढे खाल्ले होते, ती आता नोकरीला लागली होती, कुणाची लग्ने झाली होती. तीसुद्धा सुट्टीच्या दिवशी यायची आणि काही न करता शेकोटीपाशी बसून राहायची. एकाने लिहिले होते, की नव्या खेळात तो लवकर जिंकतो आणि लवकर कंटाळतो. नव्याला मी नावे ठेवत नाही. पण ज्याला माणसांजवळ बसायचे आहे, त्याला घाई करणारा खेळ काय कामाचा, असे मला वाटते.

कोण कुठल्या देशातून कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून मला कधीच बंद करत नसत. वीज गेली की प्रभाकर धावत जाऊन इन्व्हर्टर बघायचा. वर्षांमागून वर्षे माझ्या आतली हार्ड डिस्क फिरत राहिली. ती थकली होती. पण फिरत्या चाकाला थकवा जाणवत नाही, तशी ती चालत होती.

त्या काळात एक गोष्ट घडू लागली, जी फक्त मला माहीत होती. कॉलेज संपल्यावरही आईबरोबर बाजारात येणारी कोमल माझ्या शेजारच्या कप्प्यात बसून शेकोटीवरचे आपलेच जुने बोलणे वर सरकवून काढायची, आणि इकडे तिकडे बघून ते हळू आवाजात वाचायची. लिहिलेले समोर असले की तिचे शब्द कमी अडकत. 'आज समुद्र शांत आहे.' 'उधाण आहे, होड्या गेल्या नाहीत.' एकच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणायची. आधी नुसते ओठ हलायचे, मग कुजबुज, मग आवाज. मी पंख्याचा आवाज कमी करू शकलो असतो, तर नक्की केला असता. तिचा आवाज जरा जाडसर आणि फार गोड होता. लवकरच ही पडद्याकडे न बघता बोलेल, असे मला वाटू लागले होते.

आणि मग ती खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रभाकर दरवर्षी सगळे संगणक पुसून बंद करायचा आणि त्यांना हळदकुंकू वाहायचा. मला मात्र तो चालू ठेवूनच फूल वाहायचा. त्या वर्षी गंगाबाई धुवट लुगडे नेसून आली. हातात झेंडूचा जाड हार होता. या खेपेला ती उंबरा ओलांडून आत आली आणि तो हार तिने माझ्या डोक्यावर ठेवला. मग तिने कान देऊन ऐकले. माझी घरघर चालू होती.

"ह्यो आज पन कामाला हाय?" तिने प्रभाकरला विचारले. "दादा, आमची होरी पन आज आमी पान्यात नेत नाय. यानी माजे पोरीला हासती केली. याला येक दिस तरी इसावा द्या."

प्रभाकर घुटमळला. काहीतरी आठवल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. पण त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ती सांगत होती ते चुकीचे नव्हते. त्याने मला रीतसर, अगदी सावकाश बंद केले. माझ्या आतली हार्ड डिस्क कितीतरी वर्षांनी थांबली. गंगाबाईने मला हात जोडले. इतक्या मायेने मला आजवर कोणी वागवले नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी प्रभाकरने बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला. डिस्कने एक टिचकीसारखा आवाज केला, पुन्हा केला, आणि गप्प झाली. चालती होती तोवर ती चालत होती. एकदा थंड झाल्यावर तिला पुन्हा उठता आले नाही. प्रभाकर मला मुंबईला घेऊन गेला. तिथल्या माणसाने डिस्क कानाशी धरून हलवली आणि नकारार्थी मान हलवली. प्रत काढून ठेवा, असे भावेश मस्कतहून सारखा सांगायचा. प्रभाकर हो म्हणायचा आणि गिऱ्हाईक आले की विसरायचा. आता त्याने कपाळाला हात लावला. खेळ कदाचित पुन्हा मिळाला असता. पण सुरमई गेली होती, आणि तिने लिहिलेली, वाचून वाचून घटवलेली ती सारी बोलणी तिच्याबरोबर गेली होती.

कोमलला कळले तेव्हा ती रडली नाही. बंद पडद्यासमोर आपल्या खुर्चीवर बसली आणि बोटे कीबोर्डवर ठेवून तशीच राहिली. तेवढ्यात गंगाबाई टोपली घेऊन दारात आली. तिने माझ्याकडे पाहिले, प्रभाकरचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तिचा हात छातीशी गेला.

"माज्या हातून काय झाला काय?" तिने विचारले.

प्रभाकर तोंड उघडणार होता. कोमलने हात वर करून त्याला थांबवले आणि ती उठली. तिचे ओठ हलू लागले. शब्द अडकला. तिने डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. कोणीही घाई केली नाही.

"ना... नाय, आये," ती म्हणाली. "तो क... कंपनीनी बंद केला. तुजा काय नाय."

समोर लिहिलेले काही नसताना, चार माणसांत बोललेले तिचे ते पहिले वाक्य. आणि ते खोटे होते. गंगाबाईचा जीव भांड्यात पडला. मग आपली मुलगी सर्वांदेखत बोलली हे तिच्या ध्यानात आले, आणि आनंदाने तिने मुलीवरून हात ओवाळून बोटे मोडली. जाताना ती माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. सगळे श्रेय तिने मलाच दिले.

त्यानंतर कोमल कॅफेत आली नाही. उरणकडच्या बंदरात कंटेनरच्या ऑफिसात तिला काम मिळाले. तिथे बोलावे लागत नाही, असे प्रभाकर सांगत होता. आता दुकान बदलले आहे आणि मी माळ्यावर आहे. गंगाबाई मात्र दरवर्षी खंडेनवमीला हार देऊन जाते. प्रभाकर तो वर आणतो, माझ्यावरची धूळ पुसतो आणि हार माझ्यावर ठेवतो.

मित्रांनो, गंगाबाईवर माझा राग नाही, तुम्हीही धरू नका. पण तुमच्या घरी, शाळेत, दुकानात एखादी जुनीपुराणी वस्तू अजून घरघर करत चालत असेल, तर तिच्यापाशी कोण येऊन बसते, ते आधी नीट बघा. ते माणूस उठून गेल्यावर कुठे बसणार आहे, हे त्याला विचारा. मगच तिला विसावा द्या.