डाव्या हाताचं माप

हुसेनचाचांच्या शोकसभेत मी बोलायचं ठरलं, तेव्हा माझं पहिलं वाक्य लगेच तयार झालं होतं : 'चाचांनी माझा हात बरा केला.' पुढच्या पाच मिनिटांची मला काळजी नव्हती. यंदा वक्तृत्वाच्या तीन ढाली आणल्यात मी शाळेत, आणि माइक दिसला की आता पोटात गोळा येत नाही, उलट भूक लागते. पण ते वाक्य खोटं होतं. ते मला सभेच्या आदल्या दिवशी कळलं.

चाचांचं बांगड्यांचं दुकान हडपसर गावठाणात, मंडईकडे वळताना लागतं. दुकान म्हणजे काय, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी गादी आणि तिन्ही बाजूंना छतापर्यंत खोके. चाचा गादीवर, बाई समोरच्या स्टुलावर. मांजरी गावच्या बायका आधी इथे यायच्या, मग भाजीला जायच्या. चाचा माप घ्यायचे नाहीत. हात हातात घ्यायचे, अंगठ्याखालचं हाड दाबायचे आणि सांगायचे, दोन-सहा; म्हणजे दोन-चारपेक्षा मोठं, दोन-आठपेक्षा लहान. मग म्हणायचे, "हात सैल सोडा. रस्त्याकडं बघा, बस आली का सांगा." बाई बस बघायची, तेवढ्यात बांगडी मनगटावर. एखादी फुटलीच, तर फुटली म्हणायचे नाहीत. 'वाढली' म्हणायचे. भरून झाल्या की बायका रिवाजाप्रमाणे त्यांना नमस्कार करायच्या, आणि चाचा दर वेळी लाजून बोट वर करायचे. मला नको, त्याला करा.

माझे आजोबा गेले तेव्हा भावकीतल्या बायकांनी आजीच्या बांगड्या उतरवल्या. आजीने, म्हणजे मथुराबाईने, पंधरा दिवस काढले आणि चाचांना निरोप धाडला. चाचा खोका घेऊन आले, 'जयभीम मथुराबाई' म्हणाले आणि भर ओट्यावर, सगळी आळी बघत असताना, तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. कोणीतरी टोकलं, तर म्हणाले म्हणे, "मी हात बघतो. बाकीचं तुम्ही बघा." आजी ही गोष्ट अजून सांगते, आणि आळीतल्या बायकांची तोंडं करून दाखवते.

माझी गोष्ट अशी की, सहावीत असताना गाडीतळाजवळ आमची रिक्षा उलटली. डावं मनगट मोडलं, आणि जुळलं ते वाकडं जुळलं. अंगठ्याखाली हाड सुपारीएवढं वर आलं. दोन वर्षं मी भर उन्हाळ्यातही लांब बाह्या सोडल्या नाहीत. वर्गात वहीचं पान उलटायचं, तेही उजव्या हाताने. आठवीत आजीने मला ओढत चाचांकडे नेलं. उजव्या हातात त्यांनी सहा लाल बांगड्या भरल्या आणि म्हणाले, दुसरा दे. मी म्हटलं, त्यात जात नाहीत.

"ते तू ठरवणार का मी? बघ, बस आली का."

बस यायला बराच वेळ लागला. वळून बघते, तर डाव्या हातातही सहा, तशाच लाल. मी माप विचारलं.

"दोन-चार. दोन्हीला दोन-चार. काय झालंय तुझ्या हाताला?"

त्या दिवशी मी दोन्ही हात हलवत घरी आले. दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर केला, डावा. ढाली-बिली सगळं त्याच्यानंतरचं. बांगड्या काढताना साबण लावायचा, सगळ्या एका डब्यात टाकायच्या, आणि पुन्हा घालायच्या असल्या की डबा घेऊन चाचांकडे जायचं. मला कधी शंकाच आली नाही.

मग यंदाचं गॅदरिंग आलं. मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये गेले, मोरपंखी बांगड्या दिसल्या, आणि ऐटीत म्हटलं, दोन-चार द्या, दोन्ही हातांना. गॅदरिंगच्या सकाळी नऊवारी नेसून उजव्या हातात भरल्या. डाव्यात पहिलीच अडली. दाबली, तर तुटून रुतली. मला वाटलं, हात परत बिघडला. तो पदराखाली लपवून मी चाचांच्या दुकानावरून झपझप निघाले होते, पण त्यांचं लक्ष असायचंच.

"बेटा, डावा हात?"

"आता अशीच फॅशन आहे चाचा. एकाच हातात."

"एक मिनिटाचं काम आहे. ये, बस."

मी उशीर होतोय म्हटलं. खरं तर अर्धा तास होता. ज्यांनी हात बरा केला, त्यांनाच तो दाखवायची लाज वाटली. आठव्या दिवशी दुपारी चाचा गादीवरच कलंडले. हार्ट अटॅक. समोरच्या स्टुलावर एक बाई रस्त्याकडे बघत बसली होती. तिला कळलंच नाही म्हणे.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी दुकानात गेले. चाचांची मुलगी मेहनाजताई खराडीला कंपनीत नोकरी करते. दुकान बंद करायचं ठरल्यामुळे ती माल उतरवत होती. मला भाषणासाठी फक्त चाचांचं जन्मसाल हवं होतं. तिने ते सांगितलं आणि म्हणाली, जरा हे बघ, मला काही समजत नाहीये.

गादीखालच्या कप्प्यात खोक्यांच्या जोड्या होत्या, रबर लावून बांधलेल्या. लाल, पिवळी, जांभळी. प्रत्येक जोडीत एक खोका दोन-चारचा, एक दोन-आठचा. दोन्हींतल्या अर्ध्या बांगड्या गायब. ताई म्हणाली, अब्बा असे डझन कधी फोडायचे नाहीत, उरलेल्या अर्ध्या कोण घेणार?

लाल आठवीतला. पिवळा आजीच्या पंचाहत्तरीचा. जांभळा माझ्या पहिल्या ढालीचा. सगळ्यात वर एक नवी जोडी होती. मोरपंखी. तिच्यातून एकही बांगडी काढलेली नव्हती. गॅदरिंगच्या सकाळी चाचांनी फक्त माझा उजवा हात पाहिला होता.

मी स्टुलावर बसले आणि रडले. ताईला वाटलं, मी चाचांसाठी रडतेय. होतेच, पण पुरतं तेवढंच नाही. हात कधी बरा झालाच नव्हता. तीन वर्षं मी जे मिरवत होते त्याचं गुपित त्यांनी त्या कप्प्यात लपवून ठेवलं होतं. उद्या सगळ्यांसमोर काय सांगू मी?

मग मी ताईला विचारलं, भरतेस का मला?

"मला नाही गं येत. अब्बांनी शिकवलंच नाही. म्हणायचे, तू कॉम्प्युटर शीक."

"डाव्या हाताला दोन-आठ," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच तोंडाने म्हणत होते.

तिने मोरपंखी दोन-आठचा खोका उघडला. पहिली फुटली. ती सॉरी म्हणाली, मी म्हटलं, वाढली. दुसरीही वाढली. मग ती हसली आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी मी रस्त्याकडे बघितलं नाही. प्रत्येक बांगडी त्या हाडावरून कशी चढते ते नीट बघितलं. सहा.

रविवारी निघताना आई म्हणाली, शोकसभेला बांगड्या भरून जातात का? आजी चपला घालत होती. "बांगडीवाल्याच्या सभेला मोकळ्या हातांनी जायचं का मग?" एवढंच म्हणाली आणि पुढे निघाली.

समाजमंदिरात पुढे सगळ्या बायकाच बसल्या होत्या. मी माइकसमोर डावा हात वर केला. "माझ्या या हाताचं माप दोन-आठ आहे," मी म्हणाले, "आणि चाचा तीन वर्षं माझ्याशी खोटं बोलले." पुढचं पाठ केलेलं काही आठवेना. तेवढ्यात बाहेर बस थांबल्याचा आवाज आला, आणि समोरच्या सगळ्या बायकांनी एकदम रस्त्याकडे बघितलं.