ताईच्या हाती स्टिअरिंग

गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवावी तर ती ताईनेच, असं त्या भागातले गाडीवाले डोळे मिटून सांगत. बोनेटवर साबणाचं पाणी मारायचं, फिल्म अलगद सोडायची, रबरी पट्टीने खालचं पाणी काठाकडे रेटत न्यायचं आणि बंपरच्या वळणावर गरम हवा देऊन ती अशी ताणून बसवायची, की जणू गाडीची कातडीच. मग कुणी भिंग घेऊन आलं तरी कड सापडायची नाही. बारा वर्षांत शेकडो गाड्या तिच्या हाताखालून गेल्या. पण त्यातली एकही तिने वीतभरसुद्धा चालवली नव्हती.

हे गुपित फक्त तिच्या धाकट्या भावाला ठाऊक होतं. वर्कशॉप दोघांचं. गाडी आत घेणं, बाहेर काढणं त्याच्याकडे, बाकी सगळं ताईकडे. गिऱ्हाइकांना वाटे, बाईंचा काय थाट आहे, किल्लीला बोटही लावत नाहीत!

एका मंगळवारी मात्र भाऊ शिडीवरून घसरला आणि पाय मुरगळून घरी बसला. नेमक्या त्याच सकाळी ब्रेकमावशी दारात हजर.

ब्रेकमावशी म्हणजे गाडी शिकवणाऱ्या बाई. साठीच्या, ठेंगण्या, आवाज असा खणखणीत की पलीकडच्या रस्त्यावरचा शिकाऊही थांबावा. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो वर्षानुवर्षं दाबून त्यांना अशी सवय लागली होती, की घरी सोफ्यावर बसल्या तरी कुणी जोरात चालत आलं की त्यांचा पाय आपोआप पुढे जाई. क्लाससाठी त्यांनी नवी कोरी निळी गाडी घेतली होती.

"शिकणारे हिची काय दशा करतील ते मला पक्कं माहितीये," मावशी म्हणाल्या. "आधी चिलखत चढव, मग मी हिला लढाईवर नेते. ही घे किल्ली. गाडी आत घे, मला क्लासला उशीर होतोय."

ताई फडक्याला हात पुसत राहिली. "राहू द्या मावशी इथेच. बाहेर उजेड छान आहे."

"आणि धूळ? एक कण फिल्मखाली गेला तर सगळं काम वाया, असं काल फोनवर कोण सांगत होतं?"

ताईने किल्लीकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मला गाडी येत नाही."

मावशी कंबरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "अगं, पाण्याला भिणारा मासा पहिल्यांदाच बघतेय मी! कशाची भीती? अपघाताची?"

"रंगाची," ताई म्हणाली. "सीटवर बसले की मला रस्ता दिसतच नाही. खांब, फाटकं, सायकलींची हँडलं... सगळीकडे नुसते ओरखडे दिसतात. बारा वर्षं दुसरं बघितलंय काय मी?"

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी गाडी स्वतः आत लावली आणि जाता जाता म्हणाल्या, "काम झालं की कळव. बाहेर तूच काढणार आहेस."

ताईने गाडी तीन दिवस तळहातावरच्या फोडासारखी जपली. दारांच्या कडा, आरशांची पाठ, हँडलांमागच्या खोबणी, काही सोडलं नाही. टपावरच्या फिल्मखाली एक केस सापडला, तेव्हा तो सगळा भाग उचलून पुन्हा बसवला. केस तिचाच निघाला, वर पांढरा. तिला दोन्हींचा राग आला.

शुक्रवारी मावशी आल्या त्या थेट शेजारच्या सीटवरच बसल्या. ताईने गाडी दारातून बाहेर काढली, तेव्हा शेजारचा शिंपी हातातलं काम टाकून बघायला आला आणि कंटाळून परतही गेला, इतका वेळ लागला. पुढे मोकळ्या मैदानापर्यंत मावशींनी नेली आणि तिथे ताईला पुन्हा बसवलं.

पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत उजवीकडे खांब आला. ताई त्याच्यापासून दूर, आणखी दूर सरकत गेली आणि डावीकडच्या काटेरी झुडपांच्या कुंपणात घुसली. कर्रर्रर्र!

ताईने गाडी थांबवली, धावत पलीकडे गेली आणि दोन्ही दारांवरचे बारीक पांढरे ओरखडे बघून मटकन खालीच बसली.

"मावशी! तुम्ही ब्रेक का नाही दाबलात?"

"झुडूपच होतं. माणूस असतं तर दाबला असता."

"अहो, पण रंग!"

"रंगावर काय लावलंय?"

"फिल्म."

"कुणी लावली?"

"मीच की."

"गिऱ्हाइकांना काय सांगतेस? बारीक ओरखडे उष्णतेने मिटतात म्हणून? का नुसतीच थाप?"

"थाप कशाला मारू!" ताई तडकून उठली.

मावशींनी पिशवीतून थर्मास काढला. दिवसभर ओरडून घसा बसे, म्हणून त्या कढत पाणी जवळ बाळगत. ताईने ते दारांवर बेताबेताने ओतलं. दोघी वाकून बघत राहिल्या. ओरखडे आधी पुसट झाले, मग तुटक, आणि मिनिटभरात दार पुन्हा निळंशार. हा चमत्कार ताईने गिऱ्हाइकांना कितीदा तरी करून दाखवला होता, पण तेव्हा ओरखडा तिचा नसे. तिचा जीव भांड्यात पडला. ती एकदम हसत सुटली, हसता हसता थर्मास कलंडला आणि उरलेलं पाणी मावशींच्या चपलेवर.

"आता माझ्या घशाचं काय?" मावशी पाय झटकत म्हणाल्या. "बस आत. अजून चार फेऱ्या."

ताईने सात मारल्या.

लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. ती प्रत्येक उभ्या गाडीपासून एवढी लांब राहिली, की परीक्षकाने वैतागून विचारलं, "बाई, रस्ता समोर आहे, तुम्ही निघालात कुठे?" दुसऱ्या खेपेला पास. त्या रविवारी वर्कशॉपची जुनी व्हॅन घेऊन ती एकटी शहराबाहेरच्या तळ्यावर गेली. वाटेत दोनदा रस्ता चुकली, आणि पेट्रोलपंपावर तिथल्या माणसाला विचारावं लागलं, की टाकीचं झाकण आतून कुठल्या खटक्याने उघडतं.